टॉवरबाबांचा दुपट्टा

हिवरखेडच्या मारुतीच्या पारावर त्या मंगळवारी एकशे तेरा मोबाईल रांगेत मांडले होते आणि प्रत्येकावर एकेक लिंबू. माणसं मागं उभी होती. आधी यंत्राचा नंबर, मग माणसाचा, असा टॉवरबाबांचा नियम होता.

बाबांचं शास्त्र सोपं होतं. भुतं पूर्वी चिंचेवर राहायची. चिंचा तुटल्या, टॉवर आले, भुतं टॉवरवर गेली. तिथून ती चार्जिंगच्या भोकातून मोबाईलात शिरतात आणि मोबाईलातून लेकरात. बाबा मालकाकडून लॉक उघडून घेत, लिंबू सात वेळा ओवाळत आणि सर्दीत वाफ घेतात तसा डोक्यावरून दुपट्टा ओढून मंत्र म्हणत. दुपट्टा काढला की मारधाडीचा गेम गायब, आणि पुन्हा शोधायला जावं तर सापडत नसे. नव्या मोबाईलवर मंत्र दोन मिनिटं चाले, हँग होणाऱ्यावर दहा. जुन्या मोबाईलात भूत चिवट असतं म्हणे.

कौशल्येला हे पटलं होतं, कारण तिच्या मोबाईलातला गेम मागच्या मंगळवारीच गेला होता. त्या गेममध्ये एक शाळा होती आणि तिथला चपराशी आरी घेऊन पोरांमागं धावायचा. कापूस वेचायला जाताना कौशल्येनंच आठ वर्षांच्या आरतीला मोबाईल देऊन घरी बसवलं होतं. पोरीनं गेम एकटीनं पूर्ण केला आणि शाळा सोडली. सोळा दिवस झाले. खऱ्या शाळेतला चपराशी ओमप्रकाश पालीलाही भ्यायचा. पण तो दिसला की आरती आईच्या पदरात शिरायची. बाबांनी निदान केलं, की मोबाईलातून निघालेलं भूत पोरीत बसलं आहे. आता मिरच्यांची धुरी.

म्हणून आज कौशल्या आरतीचं गार पडलेलं मनगट धरून उभी होती आणि सासरे देवराव मिरच्यांचा पुडा धरून. धुरीनं लेकराचा जीव गुदमरतो, हे कौशल्येला ठाऊक होतं. पण पोरीची शाळा कायमची सुटली तर?

तेवढ्यात आरतीला शोधत तिच्या वर्गशिक्षिका दीक्षा मॅडम आल्या. त्यांनी मिरच्या पाहिल्या, पोरीकडं पाहिलं आणि धुरीआधी आपल्याही मोबाईलातलं भूत काढायची विनंती केली. मोबाईल त्यांनी पंधरा सेकंदांत आपोआप लॉक होईल असा लावला होता. लिंबू ओवाळेस्तोवर पडदा विझला.

दुपट्ट्याखाली मंत्र सुरू झाला. मंत्र संपला. पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. शेवटी आतून आवाज आला, "मॅडम, लॉक लागलं ना. उघडून द्या."

"भूत चार्जिंगच्या भोकातून जाते मनता ना बाबा? तं मंत्रही तिथूनच जाऊ द्या."

रांग फिसकन हसली. हे भूत नास्तिक आहे, असं बाबांनी जाहीर केलं. मॅडमनी लॉक उघडून दिलं. पुन्हा दुपट्टा, पुन्हा मंत्र. या वेळी कौशल्येनं आरतीचं मनगट सोडलं, पुढं झाली आणि दुपट्टा उचलला.

आत अंगठा सेटिंगमध्ये फिरत होता. मंत्र मात्र चालूच होता, कारण तोंडाला अजून कळलं नव्हतं.

मग मॅडमनी सगळ्यांना दाखवलं. बाबा गेम पुसतात आणि जिथून लोक गेम उतरवतात तिथं वयाची मर्यादा लावून वर चार आकडी पिन ठेवतात. सोय फुकटची, पिन तेवढा बाबांचा. लोकांनी पिन मागितले. मागच्या मंगळवारच्या सगळ्या मोबाईलांचा एकच निघाला: एक, दोन, तीन, चार. गेम उतरवतानाच तिथं वयाचा आकडा लिहिलेला असतो. आरतीच्या गेमखाली अठरा होता. गेम उतरवून देताना देवरावांनी तो पाहिला होता. त्यांना ती अठरा टक्के सूट वाटली होती.

"मंग हिच्यातलं भूत?" कौशल्येनं हळूच विचारलं.

"भूत नाही ताई, भेव हाय. मोठ्या माणसाइसाठी केलेलं आठ वर्षाच्या जिवानं एकटीनं पायलं. धुरी देसान तं तिले तुमचंही भेव वाटन. जवळ घ्या, काय पायलं ते इचारा अन् उद्या तिच्यासंगं शाळेत या."

कौशल्येनं नवा पिन स्वतः टाकला. रात्रभर नाही, पण जेवण होईस्तोवर तिनं आरीवाल्याची सगळी गोष्ट ऐकली. दुसऱ्या दिवशी ती वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसली. दोन तास आरती दर मिनिटाला मागं बघत होती. तिसऱ्या तासाला ती उठून आईजवळ आली.

"आई, तू जाय आता. मले लाज वाटून राहिली."

तेव्हा मंडळी, औषध पाजताना आपण बाटलीवरचं वाचतो, तसा मोबाईल देताना गेमखालचा आकडाही वाचावा. त्याला बाबा लागत नाही; फार तर चष्मा लागतो.