नावामागची मोकळी जागा

मशीनवाला दुपारी येणार होता. महिनाभर वापरून बघा, नाही पटलं तर उचलून नेतो, अशी बोली होती आणि आज मुदत संपत होती. धाकट्या नणंदेनं त्या भरतकामाच्या मशीनसाठी नोकरी सोडलेली. आज ते गेलं, तर तिचं दुकान उघडण्याआधीच बंद.

"वहिनी, बघ! परत डावीकडे कललंय." तिनं एप्रन माझ्या नाकासमोर धरला.

बालवाडीच्या पोरांचे एप्रन होते ते. छातीवर प्रत्येकाचं लाडाचं नाव. 'गोट्या' अगदी मधोमध. 'चिमुकली' मात्र डावीकडे सरकलेली, जणू शेजारी मैत्रिणीसाठी जागा धरून बसलीय.

"मशीनच वाकडं. दादा म्हणालाच होता."

"तुझा दादा चहा सांडला तरी टेबलाला वाकडं म्हणतो!"

मशीन बिचारं हुकमाचं ताबेदार. हुकूम देणारी मी. आईबापांनी फोनवरून पाठवलेली नावं उचलायची, त्यांना माप नि रंग जोडायचा आणि सगळं एका ओळीत ओवून मशीनला द्यायचं, हा प्रोग्रॅम माझा. पिल्लू झोपलं की चार ओळी लिहायच्या, कुरकुरलं की उठायचं. कुठली ओळ कुठल्या झोपेतली, हे आजही सांगेन.

आताही पायानं पाळणा हलवत बसले. नावांसोबत लोकांनी काय काय पाठवलं होतं! बदामांची नि फुलांची चित्रं, टिंबांच्या रांगा. यातलंच काहीतरी नाव ढकलत असेल, असं वाटलं. म्हणून फर्मान काढलं: अक्षरं तेवढी ठेव, बाकी झाडून टाक.

पडद्यावर 'चिमुकली'ची 'चमकल' झाली. 'ढोली'चं 'ढल'.

"अगं, हे काय!" नणंद ओरडली. "दुधाचे दात पडावेत तसे काने-मात्रे पडले की!"

कॉम्प्युटरच्या लेखी वेलांटी, उकार, मात्रा ही अक्षरं नव्हेतच. बदामाबरोबर तीही केरात. आम्ही तोंडावर हात दाबून इतक्या हसलो की पाळण्यात हालचाल झाली. दोघी जागच्या जागी थिजलो. पिल्लूनं एक सुस्कारा सोडला आणि कूस बदलली. हुश्श.

फर्मान मागे घेतलं. काने-मात्रे राखून फक्त चित्रं वगळली. पण 'चिमुकली'पाशी तर चित्रच नव्हतं! मग प्रत्येक नावाच्या दोन्ही बाजूंना खेटून एकेक उभी रेघ छापून पाहिली. 'गोट्या'ला दोन्ही रेघा चिकटलेल्या. 'चिमुकली'च्या मागे मात्र फट.

"तिथं काय आहे?"

"काहीच नाही. म्हणजे आहे, मोकळी जागा. फोननं सुचवलेला शब्द निवडला की तो मागे एक जागा सोडतो. आपल्याला दिसत नाही, पण मशीन तिलाही अक्षर धरून मध्य काढतं."

"म्हणजे मशीन सरळ आहे?"

"तुझ्या दादापेक्षा."

नावाच्या पुढची-मागची मोकळी जागा कापून टाकली. मधली राखली, नाहीतर 'बबडी राणी'चा एकच लांबलचक शब्द झाला असता.

'चिमुकली'साठी नवा एप्रन चढवला तेवढ्यात बेल वाजली. मशीनवाला हातगाडी घेऊनच आला होता.

"उचलू ना, ताई?"

"जरा दम धरा." नणंद सुईवरची नजर हलवेना. नाव पुरं झालं, मशीननं दोरा कापला. तिनं एप्रन सोडवला, बरोबर मधोमध दुमडला आणि उजेडात धरला. नावाचं पहिलं टोक नि शेवटचं टोक एकमेकांवर नेमकं बसलं होतं. तिनं उलगडून पुन्हा दुमडलं. पुन्हा बसलं.

"ताई, उचलू?"

"काय उचलता? कागद आणा, सही करते. आणि पांढऱ्या दोऱ्याची रिळं आहेत का गाडीत? सगळी बालवाडी अजून बाकी आहे!"

एवढ्या आवाजानं पिल्लू उठलंच. मी खुर्ची मागे सरकवली, तर ती माझ्याआधी पाळण्यापाशी.

"तू बस, वहिनी. पुढचं नाव सोड मशीनवर," तिनं त्याला खांद्यावर घेत म्हटलं. "आत्याकडे आहे तो."

मी बसले.