अर्थिंगचा बोल्ट

"लाकडातून शॉक लागत नाही," हे माझ्या दादाचं आवडतं वाक्य, आणि ते ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. दादा सुतार. त्याच्या कारखान्याच्या मागच्या खोलीत मी गिटारचे अ‍ॅम्प बनवते. खोकं त्याचं, आतलं सगळं माझं. खोकं कशाचं करायचं यावरून सहा वर्षं आमची जुंपते आणि मी अजून एकदाही हरलेले नाही.

या वेळचा अ‍ॅम्प त्याच्या मुलीसाठी होता. माझी ही भाची रोज चार-चार तास वाजवते. एमडीएफ मीच बाद केलं, कारण तो शेवटी भुसाच. ओल लागली की फुगतो, कोपरे झडतात. प्लाय मजबूत, पण त्याची उघडी कड दादाला खपत नाही. शेवटी बाहेरून पाइनच्या फळ्या ठरल्या, वजनाला हलक्या आणि आवाजाला मोकळ्या. तेवढ्यावर थांबेल तर तो दादा कसला!

"आतही लाकूडच ठेवू की."

"आत ट्रान्सफॉर्मर आहे!" मी ओरडले. "एखादी वायर सुटून टेकली तर वीज जमिनीत जायला धातू नको? गिटारच्या तारा केबलमधून त्याच धातूला जोडल्या जातात, आणि त्यांवर हात तुझ्याच पोरीचा असणार आहे."

"बरं बाई, मग लोखंडी पत्रा वाकवून आणतो."

"लोखंड गंजतं. मी या वेळी अ‍ॅल्युमिनियमचा तयार ट्रे आणलाय."

ट्रे खरंच देखणा होता. दादाने त्यावरून अंगठा फिरवला. "अगं, पत्रेवाला म्हणत होता की असल्या गुळगुळीत मालावर..."

"आता पत्रेवाल्याने मला शिकवायचं? तू तुझा रंधा मार."

तो गेला रंधा मारायला. मी सगळं जोडलं, अर्थिंगची वायर बोल्टने ट्रेला घट्ट आवळली. मीटरचं एक टोक प्लगच्या अर्थिंगच्या पिनेला, दुसरं बोल्टच्या डोक्याला लावलं. टूं वाजलं, म्हणजे विजेला वाट आहे. खोकं बंद केलं आणि अ‍ॅम्प दादाच्या घरी पाठवला.

तिसऱ्या दिवशी भाची अ‍ॅम्प आणि गिटार घेऊन परत आली. "आत्या, तारांना हात लावला की बोटांना मुंग्या येतात."

मी भडकले. आधी त्यांच्या घरातल्या सॉकेटवर. वायरमनला तिथे पिटाळलं. त्याने सॉकेट तपासलं, ठणठणीत आहे म्हणून फोन केला आणि वर हसला. मग मी दादाकडे वळले. "तुझाच स्क्रू वायरीत घुसला असणार! दहा वेळा सांगितलं, मागची फळी जपून लाव. पण पालथ्या घड्यावर पाणी!" मला नाचता येत नव्हतं आणि मी अख्ख्या घराचं अंगण वाकडं ठरवत होते, हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर त्यालाही झोडपलं असतं.

 दादाने मागची फळी उघडली. त्याचा एकही स्क्रू वायरीच्या आसपास नव्हता. मग त्याने माझा मीटर उचलला. एक टोक पिनेला, दुसरं बोल्टला. टूं.

"बघ!" मी म्हणाले.

त्याने टोक बोल्टवरून बोटभर बाजूला, ट्रेवर ठेवलं. मीटर गप्प. दाबून धरलं, तरी गप्प. दुसऱ्या कोपऱ्यातही तेच. मग त्याने बोल्ट सैल केला आणि पटाशीने खालचा पत्रा खरवडला. पातळ पापुद्रा निघाला. त्या जागी टोक लावून त्याने अर्थिंगची वायर टेकवली, तेव्हा कुठे मीटर बोलला.

"पत्रेवाला हेच सांगत होता. या मालावर आधीच थर चढवलेला असतो. दिसत नाही, पण वीज जात नाही त्यातून." आणि मग माझा दादा, ज्याने आयुष्यात माझ्यावर आवाज चढवला नव्हता, हातातली पटाशी टेबलावर आपटून ओरडला, "तीन दिवस माझी पोर यावर वाजवत होती! मला यातलं कळत नाही म्हणून तुझ्यावर सोडलं, आणि तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस!"

मला उलट ओरडायचं होतं. सवयीने तोंड उघडलंही. पण राग काढायला समोर कोणी उरलंच नव्हतं, मी सोडून. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मुंग्या तर ट्रान्सफॉर्मरमधून नेहमी पाझरणाऱ्या थोड्याशा विजेच्या होत्या; त्याची एक वायर जरी सुटली असती, तर पोर हाती लागली नसती.

मी सगळे बोल्ट काढले, प्रत्येकाखालचा पत्रा चकचकीत होईपर्यंत खरवडला, दातेरी वॉशर घातले, आवळले. ट्रेच्या प्रत्येक कोपऱ्यात थोडा थर खरवडून मीटर लावला. सगळीकडे टूं. भाची एवढा वेळ दारातच उभी होती. अ‍ॅम्प चालू करून मी तिची गिटार जोडली आणि आधी स्वतःचा तळहात तारांवर दाबून धरला. काही नाही. एकही मुंगी नाही.

"घे, वाजव," मी गिटार पुढे केली.

तिने घेतली नाही. माझ्या खांद्यावरून मागे पाहत तिने विचारलं, "बाबा, लावू हात?"