केतनला सोडून

विमानात चढवायच्या आधी माणसांचं वजन करतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या बेटावरचा विमानतळ म्हणजे आमच्या मांडवीतल्या शाळेएवढी बैठी इमारत. बाहेर माड, पलीकडे धावपट्टी, आणि धावपट्टी संपली की दर्या. विमानही तसंच चिमुकलं, म्हणून बॅगा झाल्या की माणसं काट्यावर. एका मिशाळ शिपायाने मला चढायची खूण केली, तशी मी भडकलेच. "मेल्या, जन्मभर लोकांना मासळी तोलून दिली मी. आता मलाच तोलतोस होय?" त्याला मराठी कळत नव्हतं म्हणून वाचला.

"वयनी, गप चढा," माझे दीर म्हणाले. दाजी त्यांचं नाव.

खरं तर माझा राग काट्यावर नव्हताच. मला तिथून हलायचंच नव्हतं. माझा केतन बोटीवर खलाशी. मिरकरवाड्याहून निघालेली त्यांची बोट वादळात भरकटत भरकटत गेली आणि या बेटाच्या अलीकडे बुडाली. बाकीच्यांना इथल्या मच्छीमारांनी वर काढलं. केतन तेवढा सापडला नाय. दाजी आणि मी धावत आलो. रोज किनाऱ्यावर जाऊन बसले, दर्याला शिव्या घातल्या, मग त्यालाच नवस बोलले. शेवटी साहेब लोक म्हणाले, शोध थांबवलाय, घरी जा. असं कसं म्हणतात हो? टोपली हरवली होती काय माझी, की शोधली, नाय मिळाली, चला घरी?

घरी माझी सून सलोनी. लग्नाला अजून वर्षही झालं नाय. "आये, तुम्ही डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी काय मानायची नाय," असं तिनं मला निघताना बजावलं होतं. कपाळभर कुंकू लावून पोर बसली आहे. धड जेवत नाय, झोपत नाय. मी फोनवर तिला सांगायची, "कुणी बघितलाय काय? नाय ना? मग आहे तो. कुठल्यातरी बोटीने उचलला असेल." तिला सांगता सांगता मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. आशा मेली वाईट.

बोलावणं आलं, रांग विमानाकडे निघाली. मी बाकड्यावरून उठेना. "मी नाय यायची. पोराला इथं टाकून जाऊ?"

दाजींनी हात जोडले. तेही रडत होते. "वयनी, घरी सलोनीकडे कोण बघणार?"

तेवढ्यात दाराशी पोलिसांची जीप थांबली. रोज आमच्याशी बोलणारा हवालदार उतरला. टोपी काढून तो तोडक्या हिंदीत म्हणाला, "अम्मा, एक मिला है. उधर, पत्थर के पास." तोंडावरून ओळखू येत नाय म्हणाला. आईनेच येऊन बघावं.

आणि मी काय केलं माहीत आहे? मघापासून जागची हलत नव्हते ती मी उठले, पिशवी काखेत मारली आणि तरातरा विमानाकडे चालायला लागले.

"वयनी, जीप इकडे आहे!"

"माझं विमान चुकेल, भावजी!"

"अहो, आपला केतन असेल तो!"

"नाय तो! माझा नाय! मला बघायचं नाय!"

ऊन मी म्हणत होतं. चढलेली माणसं खिडक्यांतून माझ्याकडे बघत होती. मी बघितलं नाय तर तो मेला नाय, एवढंच माझ्या डोक्यात. दाजींना तरी कुठे ओळख पटणार? सलोनीचं कुंकू राहील. एक पाय शिडीवर ठेवला, कठडा धरला. इतका तापलेला, की हात भाजला.

दुसरा पाय काय उचलेना. तो माझा नसेल तर बरंच. पण असला तर? लहानपणी ताप आला की माझा पदर मुठीत धरून झोपायचा तो, पाणी आणायलासुद्धा उठू देत नसे. त्याला हे लोक बेवारस म्हणून कुठल्यातरी वाळूत पुरतील, आणि त्याची आई वरून उडून जाईल. थू तिच्या जिनगानीवर! मी पाय खाली घेतला आणि जीपकडे वळले.

जीपमध्ये बसते न बसते तोच फोन वाजला. सलोनी होती. मागे विमानाचे पंखे घरघरायला लागले होते.

"आये, निघालात काय? बसलात विमानात?"

दाजींनी तोंड फिरवलं.

"बसले गो बाय," मी म्हटलं. "पंखे ऐकू येतायत ना? आता फोन बंद करायला सांगतायत. रात्रीपर्यंत लागायचा नाय."

"यांचं काय कळलं?"

"नाय गो. तू आधी जेवून घे. माझी शपथ आहे तुला."

"जेवते," ती म्हणाली.

मी फोन बंद केला. आजचं जेवण तरी तिच्या घशाखाली उतरू दे. मग हवालदाराला म्हटलं, चल बाबा.