खांबाला टेकलेला गाल

लस टोचून झाली तसा सिस्टरनी ओमच्या मांडीवर कापूस दाबून धरला आणि त्याच्या रडण्याच्या वर आवाज चढवत त्या योगिनीला म्हणाल्या, "चमचा पडला तरी दचकून उठतो, ही काय तक्रार झाली? जे मूल कशानंच दचकत नाही ना, त्याची काळजी करायची असते."

योगिनीने मान हलवली. देवळाली कॅम्पातून गाडी बाहेर पडली, तशी ती प्रफुल्लला म्हणाली, "यांना काय जातंय बोलायला! एक रात्र याला सांभाळून दाखवा म्हणावं."

प्रफुल्ल हसला. तो विषय तिथेच संपला.

त्यांचं घर आडगावच्या पुढे, गोदामाला लागूनच. प्रफुल्लचा धंदा द्राक्षांच्या खोक्यांचा. बागायतदार वाढत गेले, तसे खोके आधी ओट्यावर आले, मग जिन्याखाली, आणि शेवटी टीव्हीपुढेही रचले गेले. तेव्हा गोदाम मागच्या अंगाला वाढवायचं ठरलं. लोखंडी सांगाडा, वर पत्रा. द्राक्षांचा हंगाम सुरू व्हायच्या आत.

ठेकेदाराने आणलेल्या माणसांत पेठकडचं एक जोडपं होतं. लखन वर चढून बोल्ट आवळायचा, आणि त्याची बायको नवसाबाई खाली राहून खांबांना लाल रंग द्यायची, दोरीला बांधून सामान वर पाठवायची. त्यांची मुलगी हर्षाली ओमच्याच वयाची, नुकती धरून उभी राहायला लागलेली. दोन खांबांच्या मध्ये नवसाबाई साडीची झोळी बांधायची आणि त्या झोळीत पोर दुपारभर झोपायची. शेजारी ग्राइंडर किंचाळायचा, ठिणग्या उडायच्या, माणसं एकमेकांना शिव्या देत हाका मारायची. झोळी हलायचीसुद्धा नाही.

"याला म्हणतात लेकरू," सासूबाई, मालनबाई, खिडकीतून बघत म्हणायच्या. "नाहीतर आमचे राजे. पंखा जरा कुरकुरला की हे जागे."

योगिनीला ते लागायचं. ओमला कडेवर घेऊन ती मुद्दाम कामाच्या जागी जाऊन उभी राहू लागली.

"सवय लावा ताई," नवसाबाई ब्रश न थांबवता म्हणाली. "आमची सायटीवरच जन्मली. लोखंडाचा आवाज म्हंजे तिला अंगाई."

"पण इतकी गाढ?"

"गुणाची हाय. उगं किरकिर नाय."

हर्षाली जागी असली की एखाद्या खांबाला धरून उभी राहायची. वर लखन हातोडा घालायला लागला, की दोन्ही तळवे लोखंडावर ठेवून, गाल टेकून ती खुदकन हसायची. हातोडा थांबला की हसू थांबायचं.

"बापाचा ठोका बराबर वळखती," नवसाबाई म्हणायची. वरून लखन मुद्दाम आणखी दोन ठोके द्यायचा.

पत्रे चढवायच्या दिवशी क्रेनचा पट्टा सरकला. पत्र्यांची चळत जमिनीवर कोसळली. कुणाला लागलं नाही, पण आवाज असा झाला की बाभळीवरचे सगळे पक्षी उडाले, स्वयंपाकघरात मालनबाईंच्या हातून कढई सुटली, आणि ओम किंचाळून योगिनीच्या मानेला बिलगला. त्याला थोपटत तिने समोर पाहिलं. वाळूच्या ढिगावर हर्षाली पाठमोरी बसली होती. बाटलीच्या झाकणाने वाळू भरायची, ओतायची. पुन्हा भरायची, ओतायची. मग धूळ तिच्या अंगावर आली. तेव्हा कुठे तिने वळून पाहिलं.

योगिनी घरात गेली आणि ताट-पळी घेऊन परत आली. मुलीच्या मागे उभं राहून तिने ताटावर पळी आपटली. नावाने हाक मारली. माणसं तिच्याकडे बघायला लागली, तेव्हा ती ताट पदराआड धरून माघारी आली.

जेवताना तिने प्रफुल्लला सांगितलं.

"तुला सगळीकडे आजार दिसतो," तो म्हणाला. मग तिचा चेहरा पाहून जरा थांबला. "बरं, असेलही. पण पत्रे अर्धे लागलेत. आत्ता लखनला दवाखान्यात पाठवलं तर वर कोण चढणार? काम होऊ दे. मी स्वतः गाडीत घालून सिव्हिलला नेतो तिला, मग तर झालं?"

बोलणं वाजवी होतं. योगिनीने त्याच्या ताटात भाकरी वाढली. पण दुसऱ्या दिवशी रंगाच्या डब्याशी ती नवसाबाईच्या शेजारी उकिडवी बसली.

"नवसाबाई, हर्षालीचे कान एकदा दाखवू या का? फार उशीर व्हायच्या आत दाखवलेलं बरं असतं. मला वाटतं, तिला ऐकू येत नाही."

ब्रश थांबला.

"ऐकू येत नाय? अन् ठोक्यावर हसती ते?"

"ठोका हाताला कळतो. खांब थरथरतो ना, तो."

नवसाबाईने आधी तिच्याकडे, मग तिच्या कडेवरच्या ओमकडे पाहिलं.

"ताई, तुमचं पोर झोपत नाय, म्हून माझ्या पोरीत खोट काढता व्हय?"

त्या दुपारपासून झोळी पलीकडच्या खांबांना गेली. खिडकीतून ती दिसत नव्हती.

शेवटचा पत्रा लागला त्याच दिवशी सामान न्यायला टेम्पो आला. प्रफुल्ल बागायतदारांकडे गेला होता. योगिनी फाटकाशी उभी राहिली. भांडी, गाठोडी, ब्रशांचा डबा चढला. मुलीला घेऊन नवसाबाई मागे बसली. टेम्पोपुढे कुत्रं आडवं पडलं होतं म्हणून ड्रायव्हरने लांबलचक हॉर्न दिला. गाठोड्यावर टेकलेला लखन दचकला. नवसाबाई दचकली. तिने मांडीवरच्या मुलीकडे पाहिलं. मुलगी आईच्या बांगड्यांशी खेळत होती.

टेम्पो हलला. नवसाबाईने मुलीच्या डोक्यामागे हात नेऊन टाळी वाजवली. थांबली. पुन्हा वाजवली, जोरात. रस्त्याला लागेपर्यंत ती टाळ्या वाजवत होती, आणि मग तिने मान वर करून फाटकाकडे पाहिलं. योगिनी धावली. तोवर टेम्पो ट्रकांच्या मागे दिसेनासा झाला.

"अगं, उद्या नेणारच होतो मी," प्रफुल्ल आल्यावर म्हणाला. त्याने लगेच ठेकेदाराला फोन लावला. ठेकेदार म्हणाला, ते जोडपं आता दुसऱ्या ठेकेदाराकडे गेलं; मालेगावच्या बाजूला कुठेतरी शेडचं काम आहे. लखनचा फोन लागला नाही. अजूनही लागत नाही. नव्या गोदामात खोके छतापर्यंत रचून झाले आहेत.

तुम्ही कधी मालेगावच्या रस्त्याने जात असाल आणि कडेला नवा लोखंडी सांगाडा उभा राहताना दिसला, तर योगिनीचं एवढंच मागणं आहे, की घटकाभर गाडी थांबवा. रंग देणाऱ्या बाईचं नाव विचारा. नवसाबाई असेल, तर पोरीला दाखवलं का, एवढं विचारा. ती आता चिडणार नाही. आणि पोरगी जवळपास खेळत असेल, तर तिला मागून हाक मारू नका. समोर जाऊन बसा.