चेष्टेची मंजुरी

मला आमच्या शहरातल्या मदन महल भागातल्या एका कॅफेत माईकवर पाच मिनिटं पाहिजे होती, बस. कॅफेवाला प्रसन्न म्हणाला होता, दीदी, लोक हसले तर दर रविवार तुमचा. अकरा वर्षं झाली, सरकारी ऑफिसात दुसऱ्यांचं लिहिलेलं टाइप करून राहिली मी. एकदा तरी लोकांनी माझं लिहिलेलं ऐकावं, एवढाच हट्ट होता.

पण सरकारी माणसाला असं मंचावर चढायचं तर साहेबांची परवानगी लागते. मी हिंदीत अर्ज केला, 'मैं मंच पर कार्यालय की चेष्टा प्रस्तुत करूंगी.' घरात मराठी, बाहेर हिंदी, डोक्यात खिचडी. आपल्यात चेष्टा म्हणजे टिंगल. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही.

आमचे पटेरिया साहेब गहिवरले. म्हणाले, बावीस वर्षांत ऑफिसच्या प्रयत्नांवर बोलणारी तुम्ही पहिलीच, शरयूजी. मंजुरी दिली आणि भाषणाचा मसुदा मागितला, आकडे तपासायला. आता भाषण कुठून आणू? भीत भीत विनोदच दिले.

दोन दिवसांनी कागद परत आले, लाल शाईने भरलेले. मी लिहिलं होतं, आमच्याकडे एका सहीला तीन दिवस लागतात. साहेबांचा शेरा, 'गलत. सात दिन. पेन ढूंढने के दो दिन अलग.' मी लिहिलं होतं, आमचा पंखा हळू फिरतो. शेरा, 'पंखा २०१६ से बंद है. हवा खिड़की से आती है. कृपया पंखे को श्रेय न दें.'

रविवारी साहेब पहिल्या रांगेत. मी आधी माझे विनोद म्हटले. कोणी हूं की चूं केलं नाही. शेवटी कागद काढून नुसते शेरे वाचायला लागली, तर लोक खुर्चीवरून पडायचेच बाकी राहिले. पंख्याला टाळ्या मिळाल्या. प्रसन्नने तिथल्या तिथे पुढचा रविवार दिला. म्हणाला, फक्त ते लाल शाईवालं आणा, दीदी.

इतका राग आला म्हणून सांगू! माझं एक वाक्य चाललं नव्हतं.

बाहेर साहेब स्कूटरपाशी उभे होते, चेहरा उतरलेला.

"शरयूजी, लोग हँसे क्यों? कोई आंकड़ा गलत था क्या?"

बिचाऱ्यांनी दोन दिवस जुन्या फाइली उपसून एकेक आकडा तपासला होता. खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात पुढचा रविवार डोळ्यांपुढे आला.

"नहीं सर. सब सही था, इसलिए हँसे."

ते एवढे खुश झाले की मला माझीच लाज वाटली. घरी येऊन धड जेवलीही नाही.

सोमवारी सकाळी साहेबांच्या टेबलावर नवा मसुदा ठेवला. त्यात पाच चुका मुद्दाम घातल्या होत्या.