धुतलेली विमानं

लोहाऱ्याहून आलेल्या जीपनं मला माकणीत सोडलं तेव्हा शनिवारची दुपार झाली होती. बाबांना जाऊन चार दिवस झाले होते. लातूरला जाऊन कॉलेजात रजेचा अर्ज दिला, पांढऱ्या साड्या घेतल्या आणि परत आले. दुसऱ्या दिवशी बाबांच्या पुण्यानुमोदनाचा, श्रद्धांजलीचा कार्यक्रम होता. फाटक उघडलं आणि अंगणात विमानं दिसली.

आईनं जुनी चादर अंथरून बाबांची सगळी विमानं उन्हात वाळत घातली होती. सदतीस. काही सरळ, काही पोट वर करून उताणी. शेजारच्या घमेल्यात राखाडी पाणी, त्यावर साबणाचा विरत चाललेला फेस आणि काठावर दात घासायचा जुना ब्रश.

"बघ," आई म्हणाली. "लई घाण बसली व्हती गं. तीनदा पाणी बदललं. आता कशी लख्ख झालीत."

मी बॅग खाली ठेवली.

"छान झालीत," मी म्हणाले आणि तोंड धुवायला मोरीत गेले. तिथं जरा जास्तच वेळ थांबले.

बाबा, पिराजी, वीस वर्षं हवाई दलात एअरफ्रेम फिटर होते. विमानाचे पंख, चाकं, ब्रेक, तेलाच्या नळ्या हे त्यांच्याकडे. निवृत्तीनंतर उमरग्याच्या एका बँकेत ते बंदूक घेऊन दारात बसायचे आणि संध्याकाळी घरी येऊन विमानं जोडायचे. प्लास्टिकच्या सुट्या भागांचे डबे पोस्टानं यायचे. खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या हिश्श्याचे ते भाग, चिमट्यानं उचलायचे. बहुतेक मिग, थोडी हंटर आणि जॅग्वार. भिंतीवर बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, आणि त्यांच्यापासून अदबीनं अंतर ठेवून जेट विमानांची पाच छापील चित्रं. ती चित्रं त्यांना आवडायची आणि त्यांचा रागही यायचा. "ढगात हाय तवर स्वच्छ हाय," ते म्हणायचे. "खाली उतरू दे, मग काढ म्हणावं चित्र."

विमान जोडून, रंगवून, त्यावर नंबर चिकटवून नवंकोरं झालं की बाबांचं खरं काम सुरू व्हायचं. ते विमान मळवायचे. खडूची पूड, पेन्सिलीचं शिसं, कंदिलाच्या काचेवरची काजळी. मागच्या नळकांड्यापाशी जळल्याचा निळसर तपकिरी रंग, पोटाखाली तोफेचा धूर, चाकाच्या कप्प्यातून मागं ओघळलेलं तेल. एकेका विमानाला महिना महिना लागायचा. या मळावर ते वार्निश मारत नसत. वार्निश मारलं की धूर मरतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून कुणी हात लावायचा नाही, हा घरातला कायदा होता. धूळ तेच झटकायचे, रंगाच्या मऊ कुंचल्यानं, फुंकर मारत मारत.

मी बारा वर्षांची असल्यापासून त्यांच्या शेजारी बसायची. पंखाच्या मुळाशी दोन पुसट करडे ठिपके असत. मी विचारलं, हे काय? ते म्हणाले, "बूट. पंखावर चढल्याबिगर काम हुतंय व्हय? पायलटचं नाव काचेखाली रंगवतात. आमचा बूट तेवढा उमटतो. तेबी पुढच्या धुण्यापर्यंत."

ते ठिपके आता घमेल्यात होते.

आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला वाटलं होतं, गेल्या वर्षभरात बाबांचे हात थरथरायला लागले, त्यांच्यानं साफसफाई होईना, म्हणून विमानं घाण झाली. "उद्या शंभर माणसं येतील," ती म्हणाली. "पिराजीच्या घरात मळ व्हता असं कुणी म्हणायला नको." आई येरमाळ्याकडच्या ज्या शाळेत गेली, तिथं त्यांच्या वस्तीतल्या पोरींना वेगळं बसवत. कारण विचारलं की मास्तर म्हणत, तुम्ही स्वच्छ राहत नाही. चौथीनंतर तिची शाळा सुटली. त्यानंतर चांगुणाबाईच्या, म्हणजे माझ्या आईच्या, घरात कुणाला डाग सापडलेला नाही.

तिनं काय धुतलं ते तिला कळू द्यायचं नाही, असं मी ठरवलं. आत्ता नाही, नंतरही नाही. चार दिवसांपूर्वीच तिनं नवरा गमावला होता. त्याच्या हातचं काम आपल्याच हातानं गेलं, हे ओझं तिला कशाला?

संध्याकाळी नळदुर्गहून महालिंगप्पा काकांचा फोन आला. ते बाबांच्या बरोबरीचे, इंजिन फिटर. बिकानेरजवळच्या नालच्या तळावर दोघं एकाच विमानावर सहा वर्षं होते; बाबा बाहेरून, हे आतून. "सकाळच्या गाडीनं येतो," ते म्हणाले. "आणि पोरी, आमचं ते नालचं मिग तेवढं काढून ठेव. पिराजीनं मला द्यायचं कबूल केलंय." दवाखान्यात बाबांनी मलाही तेच सांगितलं होतं.

वाळलेली विमानं आईनं परत कपाटात लावली होती. मी ते मिग बाहेर काढलं. चंदेरी, गुळगुळीत, दुकानातून आणल्यासारखं. पेन्सिल टोकदार करून मी पंखाच्या मुळाशी बूट काढून पाहिला. तो मुद्दाम काढल्यासारखाच दिसला. पुसला. पुन्हा काढला, बोटानं पसरवला. मग सगळंच पुसून टाकलं आणि विमान जागेवर ठेवलं.

रविवारी सकाळी काकांना आणायला मी थांब्यावर गेले. रस्त्यातच सगळं सांगितलं, आईला कळू द्यायचं नाही हेही.

"अय्यो," ते थांबले. "सगळी?"

"सगळी."

"साबणानं?"

"साबणानं. ब्रश लावून."

ते कडुलिंबाखाली उभे राहिले. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग हसण्यानं त्यांचे खांदे हलायला लागले. "आमचा वॉरंट ऑफिसर असता तर वहिनींना सलाम ठोकला असता बघ. आमच्याकडून कधी इतकं साफ झालं न्हाय." डोळे पुसत म्हणाले, "न्हाय बोलत. माझ्याकडून शब्द जाणार न्हाय."

वंदना झाली, त्रिशरण, पंचशील झालं, भंतेजी थोडं बोलले. जेवणं सुरू झाल्यावर आई काकांना स्वतः कपाटाकडं घेऊन गेली. मी मागोमाग गेले.

"घ्या भाऊजी. तुमचं."

काकांनी विमान दोन्ही हातांनी घेतलं. पालथं केलं, सरळ केलं. मग त्यांचा अंगठा आपोआप पंखाच्या मुळाशी गेला आणि तिथं फिरत राहिला.

"काय हुडकायलाव?" आईनं विचारलं. "मोडलं का काही?"

"न्हाय, न्हाय. लई झकास. नवं दिसतंय."

"मग?"

काकांनी माझ्याकडं पाहिलं. आईनं त्यांचं पाहणं पाहिलं.

"श्रावस्ती, काय झालंय?"

"काही नाही, आई."

"काल तू छान झालीत म्हणालीस आन् मोरीत जाऊन बसलीस. सांजच्याला पेन्सिल घिऊन काय करत व्हतीस? म्या दारातनं बघितलं की. आता हे भाऊजी. मला काय येडी समजता का दोघं?"

मग मी सांगितलं. खडू, काजळी, तेल, बूट. वार्निश का नव्हतं तेही. सांगताना मी विमानाकडं पाहत होते. बाहेरून वाढप्यांचा आवाज येत होता, कुणीतरी भात मागत होतं.

"मला कुणी सांगितलं व्हतं?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तू एवढीशी व्हतीस तवा तुला सांगितलं. ह्या भाऊजींना ठावं. मला काय सांगायचे? हात लावू नको. का लावू नको, ते न्हाय सांगितलं. म्या समजले, नाजूक असल, मोडंल. म्हणून तर एकेक बाळावानी धुतलं."

"वहिनी, तो आपला..." काका म्हणाले.

"थांबा भाऊजी." ती माझ्याकडं वळली. "आन् तू बी काल तेच केलंस."

मी तिला जपत होते असं मला वाटत होतं. बाबांनाही तसंच वाटत असावं. एवढ्या वर्षांत त्या टेबलाशी दोन खुर्च्या होत्या, एक त्यांची आणि एक माझी, आणि तिसरी आणावी हे माझ्याही कधी मनात आलं नव्हतं.

आई पलंगावर टेकली. काकांच्या हातातलं विमान मागून घेतलं.

"तेल म्हणलीस. कसलं तेल?"

मला माहीत नव्हतं. काका म्हणाले, "हायड्रॉलिकचं, वहिनी. लाल असतंय. वाळलं की तपकिरी पडतं."

"चिकट? घासलेटावानी वास?"

"व्हय, व्हय. तुम्हाला कसं ठावं?"

"मला कसं ठावं!" आई म्हणाली. "सुट्टीवर आले की ट्रंकेतनं पहिली डांगरी निघायची. त्यांचा तो कामाचा झगा. लाल तपकिरी डाग, ढोपराला, बाहीला, छातीवर. सहा सहा पाणी काढायची म्या. सोडा घालून उकळायची, दगडावर आपटायची. सासू म्हणायची, पोरी, कापड फाटंल, डाग जायचा न्हाय. डाग न्हाय निघाला की रडायची म्या. हे म्हणायचे, राहू दे, परत लागणारच हाय. म्या म्हणायची, तुम्हाला न्हाय, मला लाज वाटती." तिनं विमान उलटं केलं. "तोच डाग का हा?"

"तोच, वहिनी."

"कुठं व्हता?"

काकांनी करंगळीनं पोटाखालची रेघ दाखवली, चाकापासून मागं शेपटापर्यंत. मग पंखाच्या मुळाशी दोन जागा. आईनं चष्मा वर करून त्या जागा नीट पाहिल्या. तिथं काहीही नव्हतं, पण ती बराच वेळ पाहत राहिली.

"मग म्या नवं काय केलं?" शेवटी ती म्हणाली. "त्यांनी मळवायचं, म्या धुवायचं. लगीन झाल्यापासनं हेच चाललंय."

काका इतक्या मोठ्यानं हसले की शेजारच्या कमलबाई दारातून डोकावल्या. हसता हसताच काकांना रडू आलं आणि ते भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. आई रडली नाही. तिनं पदराच्या टोकानं विमानावरचा त्यांच्या अंगठ्याचा ठसा पुसला, सवयीनं, आणि मग हात थांबवून माझ्याकडं पाहिलं.

"बघ," ती म्हणाली. "हात गप ऱ्हात न्हाय."

जाताना काकांनी विमान टॉवेलात गुंडाळलं. आई म्हणाली, "ह्यांनी कबूल केलं तसं न्हाय ते आता. पायजे का?"

"पायजे की," काका म्हणाले. "दोघांच्या हातचं झालं."

"आता तुम्ही मळवू नका त्याला. कुणी इचारलं तर सांगा, चांगुणानं धुतलंय."

माणसं पांगली. मोठी भांडी घासून पालथी घातली. चार वाजता आई हात पुसत खोलीत आली, स्वयंपाकघरातलं स्टूल ओढून कपाटापुढं बसली आणि पहिल्या विमानाकडं बोट केलं.

"हं. ह्याला काय लागलं व्हतं?"

मी सांगायला लागले. हंटरच्या नाकावरचे किडे, जॅग्वारच्या चाकांवरचा चिखल. मला वाटत होतं मला सगळ्यांचं माहीत आहे. अकरा विमानांपर्यंत आले आणि बाराव्याला अडले. तेरावं आठवेना, चौदावं मी नीट पाहिलंच नव्हतं. बाबा सांगत होते तेव्हा मी कॉलेजात असेन, किंवा शेजारी बसून पुस्तक वाचत असेन.

"येत न्हाय?" आईनं विचारलं.

"नाही."

"असू दे." ती स्टुलावरून उठली नाही. "भाऊजींना फोन कर. पुढच्या ऐतवारी जेवायला या म्हणावं."