बाभळीखालची पंगत

येळवशीच्या, म्हणजे शेतात पंगती बसतात त्या वेळा अमावास्येच्या, दुसऱ्या दिवशी तिसरीतल्या अयोध्यानं भर वर्गात विचारलं, "बाई, शिवानीच्या शेतात आमाला बाभळीखाली येगळंच का बसवलं?"

रेणुकाबाईंच्या हातातला खडू थांबला. पुढच्या रांगेतल्या शिवानीनं मान खाली घातली. आणि बाईंच्या तोंडून काय निघावं? "अयोध्या, सातचा पाढा म्हण."

पोरगी मुकाट्यानं उभी राहिली आणि म्हणालीसुद्धा! सात एके सात, सात दुणे चौदा. अहो, बाभळीचा आणि सातच्या पाढ्याचा संबंध तो काय? पण ते उत्तर बाईंचं नव्हतंच मुळी. तिसरी-चौथीत असताना त्यांनीही हाच प्रश्न आपल्या गुरुजींना विचारला होता, आणि गुरुजींनी पाढाच म्हणायला लावला होता. इतकी वर्षं पोटात राहिलेलं ते आज बाहेर पडलं, तेही नेमकं आपल्याच आळीतल्या पोरीसमोर. बाईंना त्या दिवशी घास गोड लागला नाही.

त्याच आठवड्यात लातूरला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. जातीवरनं होणाऱ्या भेदभावाबद्दल पोरांशी बोलायचं कसं, हा विषय. एरवी प्रशिक्षण म्हटलं की बाईंच्या कपाळावर आठी पडायची. या खेपेला मात्र त्या किल्लारीच्या फाट्यावर पहिल्या जीपची वाट बघत उभ्या राहिल्या. उत्तर घेऊनच परतायचं, नाहीतर त्या पोरीपुढं उभं राहायचं कोणत्या तोंडानं?

दुपारी जेवणं झाली, खिडकीतून उबदार ऊन आलं आणि निम्मे गुरुजी डुलक्या घ्यायला लागले. शिकवणारे उमाशंकर सर म्हणाले, "कुणी स्वतःचा अनुभव सांगतंय का?"

शेजारचे बसलिंगप्पा सर पटकन बोलून गेले, "रेणुकाबाई, तुमीच सांगा की. आमाला त्यातलं काय ठावं?"

झालं! सगळा हॉल बाईंकडं वळला. भेदभाव म्हणजे जणू बाईंच्याच घरचं लोणचं. त्यांनी बरणी उघडायची आणि सगळ्यांना फोडी वाटायच्या. बाईंना असा संताप आला! "न्हाई सांगणार," त्या म्हणाल्या.

"नका सांगू," उमाशंकर सर शांतपणे म्हणाले. "सगळेच डोळे मिटा. आपापल्या शाळेच्या वयात जा. जिथं पाय नेतील तिथं."

बाईंचे पाय पत्र्याच्या शेडात गेले. भूकंपानंतरचं शेड. गाव सगळं मातीखाली गेलेलं, आणि जी माणसं उरली ती एकाच लांबलचक छपराखाली निजणारी. कुणाचं पांघरूण कुणाच्या अंगावर असायचं, सकाळी कळायचंही नाही. त्या वर्षीची येळवस डोळ्यांपुढं तरंगत आली. हिरवीगार ज्वारी, कडब्याची खोपटी, तिला कोप म्हणायचं, डोक्यावर आंबिलीची बिंदगी, छोटी घागर घेऊन बांधावरून सावकाश चाललेल्या बाया. सगळं गाव एका पंगतीला. आंबिलीचा एकच पेला या हातातून त्या हातात फिरत होता, आणि सात वर्षांची रेणुका त्यातून घटाघटा पीत होती. कुणी हसत नव्हतं, कुणी जास्त रडतही नव्हतं. ज्वारी तेवढी हलत होती. बाईंना वाटलं, इथंच राहावं, पुढं जाऊच नये.

पण स्वप्नाला कुठं लगाम असतो? पत्रे विरघळले आणि नवं गाव उभं राहिलं. पक्की घरं, सरळ रस्ते, आणि मांगवाडा पुन्हा शेवटच्या टोकाला. पुन्हा येळवस आली. तीच कोप, तीच सगळ्या भाज्यांची भज्जी, बोलावणंही प्रेमाचंच. फक्त पंगत बाभळीखाली, निराळी. आणि पेला नाही. "ओंजळ कर गं," कुणीतरी वरून म्हणालं.

"डोळे उघडा," उमाशंकर सर म्हणाले. "आता जोड्या करा. एकानं मूल व्हायचं, एकानं शिक्षक."

बाईंच्या वाट्याला मूल आलं, आणि शिक्षक झाले बसलिंगप्पा सर. बाई अजून पुरत्या परतल्या नव्हत्या. त्यांच्या तोंडून तो जुना बारीक आवाज निघाला, "गुरुजी, आमाला बाभळीखाली का बसवलं?"

"बाळ, आपण सगळे समान आहोत. रोज प्रतिज्ञा म्हणतो ना आपण?"

"मग बाभळीखाली का?"

"त्या... जुन्या चालीरीती असतात बघ."

"पण का?"

बसलिंगप्पा सरांनी कपाळाचा घाम पुसला. माणूस मनानं वाईट नव्हता, अडकला होता. शेवटी त्यांनी खुर्ची सोडली आणि बाईंसमोर सतरंजीवर मांडी घातली. "मला सांगता येईना गं. तूच सांग. तिथं बसून तुला कसं वाटलं?"

हे कुणी विचारलंच नव्हतं. आईनं नाही, गुरुजींनी नाही, कुणीच नाही. बाई म्हणाल्या, "घरी जावं वाटलं, गुरुजी. पण आई म्हणली, बोलावल्यात, उठू नगं." आणि एवढ्या लोकांत त्या हमसून हमसून रडल्या. बसलिंगप्पा सर तसेच समोर बसून राहिले. परतीच्या जीपमध्ये बाई खिडकीशी बसल्या. बाहेरची ज्वारी मागं मागं सरकत होती आणि अंगात तापातून उठल्यासारखा हलकेपणा होता.

दुसऱ्या दिवशी वर्गात शिरताच त्यांनी हाक मारली, "अयोध्या, उभी ऱ्हा."

पोरगी उभी राहिली. हाताची घडी घातली, डोळे मिटले आणि सुरू झाली, "सात एके सात, सात दुणे चौदा..."

"नगं गं माझे बाय, पाढा नगं." बाई तिच्यासमोर फरशीवर बसल्या. "माझंच चुकलं. बाभळीखाली बसून तुला कसं वाटलं, ते सांग."

अयोध्यानं एक डोळा उघडला, मग दुसरा. बाई खरंच ऐकतायत का, हे तिनं नीट बघून घेतलं. "आंबील लई ग्वाड व्हती, बाई," ती म्हणाली. "पर ओंजळीत किती मावतंय?"

पुढच्या रांगेतून शिवानीचा हात हळूहळू वर आला. "बाई, मी पेल्यानं पिले," ती म्हणाली. "दोनदा."

"सांग," बाई म्हणाल्या, "तुला कसं वाटलं?"

सातचा पाढा त्या दिवशी कुणीच म्हटला नाही.